तोरणमाळची सीताखाई: सकाळी जाऊन संध्याकाळी परत, की एक मुक्काम?

शहाद्याहून म्हसावद, म्हसावदहून राणीपूर. राणीपूर सुटलं की सपाट रान संपतं आणि गाडी सातपुड्याच्या अंगावर चढू लागते. तोरणमाळला मुक्काम करायचा की त्याच दिवशी परतायचं, हे माझ्या मते राणीपुरात तुम्ही किती वाजता पोचणार यावर ठरतं. लोक मात्र किलोमीटर मोजतात. ‘शहाद्यापासून पंचावन्नच किलोमीटर तर आहे, जेवून निघालो तरी चालेल’ असं म्हणून दुपारी निघालेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. वर पोचल्यावर त्यांना धुक्याची पांढरी भिंत दिसते, भजी खाल्ली जातात, आणि अंधारात जीव मुठीत धरून घाट उतरावा लागतो. सीताखाईचा धबधबा दिसतच नाही. यंदा पहिल्यांदा निघालेल्यांचं असं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातलं पठार. उंची साधारण ११५० मीटर. वर गाव आहे, यशवंत तलाव आहे, गोरखनाथांचं मंदिर आहे, आणि तलावापासून थोड्या अंतरावर सीताखाई. नावातच खाई आहे. इथे धबधब्याच्या पायथ्याशी उभं राहून अंगावर तुषार घ्यायचे नसतात. आपण कड्याच्या काठावर उभे असतो आणि पाणी समोरच्या कड्यावरून खाली दरीत जातं. बघायचं ते वरून, लांबून.

हा फरक बारीक वाटेल, पण सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. यावल तालुक्यातल्या मनुदेवीच्या धबधब्याला तुम्ही खाली, पाण्याच्या समोर उभे असता. तिथे कितीही ढग आले तरी पाणी दिसतंच. सीताखाईत तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये अख्खी दरी आहे. दरी ढगाने भरली की पाण्याचा फक्त आवाज येतो.

आपण ज्याला धुकं म्हणतो तो पावसाळ्यात खरं तर ढगच असतो. पश्चिमेकडून येणारा दमट वारा सातपुड्याच्या उतारावर चढतो, वर जाता जाता गार होतो आणि पठारावर ढग होऊन बसतो. त्यामुळे खाली शहाद्यात लख्ख ऊन असलं तरी वर दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही, असं होऊ शकतं. कधी दहा मिनिटांत सगळं उघडतं, कधी दिवसभर नाही. दिवसाच्या दिवस जाणाऱ्याला सीताखाई बघायची एकच संधी मिळते. मुक्काम करणाऱ्याला तीन मिळतात: पहिल्या दिवशीची दुपार, संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मला हे कळलं ते ऑगस्टमधल्या एका फेरीत. सोबत सासूबाई आणि मुलं होती. अकराच्या सुमारास सीताखाईच्या काठावर पोचलो. समोर पांढरं. पाणी मात्र इतकं जोरात कोसळत होतं की एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागत होतं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “काहीच दखाय नही र्‍हायनं वं माय.” मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईंनी सांगितलं, “आज नाही उघडायचं. सकाळी या.” आमची खोली घेतलेली होती म्हणून आम्ही सकाळी गेलो. सात वाजायच्या आत ढग दरीत खाली बसला होता, वरचा कडा मोकळा, आणि पाणी पडता पडता त्या ढगात नाहीसं होत होतं. सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. आदल्या दिवशी आमच्याशेजारी उभं असलेलं एक मोठं कुटुंब मात्र दुपारीच परत गेलं होतं. ते जळगावहून आले होते, एवढ्या लांबून.

घड्याळ उलटं लावा

आता हिशेब. तो उलटीकडून, म्हणजे अंधाराकडून करायचा.

जुलैत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. ढगाळ दिवशी घाटातला उजेड त्याच्या तासभर आधीच जातो. म्हणजे सहाच्या आत तुम्ही राणीपुरात, सपाटीवर असायला हवं. घाट उतरायला एक तास धरा, धुकं असेल तर त्याहून जास्त. तेव्हा साडेचारला वरून निघायचं, त्यापुढे पाच मिनिटंसुद्धा नाही.

वर सीताखाई, तलाव, गोरखनाथांचं दर्शन आणि जेवण याला चार तास लागतात. ढग उघडण्याची वाट बघायला आणखी एक तास ठेवा. म्हणजे अकरा ते साडेअकराच्या दरम्यान वर पोचायला हवं. त्यासाठी दहाच्या सुमारास राणीपूर आणि नऊला शहादा.

नऊला शहाद्यात असायचं तर नंदुरबारहून आठला निघावं लागेल, प्रकाशामार्गे. धुळ्याहून दोंडाईचा-सारंगखेडा रस्त्याने सहा ते साडेसहाला. जळगावहून चोपडा-शिरपूरमार्गे पहाटे पाचला. चाळीसगावकरांनाही पाचच्या आतच. ऑक्टोबरमध्ये सूर्य सव्वासहाच्या आसपासच मावळतो, तेव्हा हे सगळं तासभर आधी ओढा.

हा हिशेब कागदावर मांडला की उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या लोकांनी एका दिवसात खुशाल जाऊन यावं. त्यांना आणखी एक सोय आहे: आज ढग बसलाय असं कळलं तर उद्या जाता येतं. धुळे, दोंडाईचा, शिरपूर इथल्या लोकांना दोन्ही जमतं, सोबत कोण आहे त्यावर ठरवावं. जळगाव, भुसावळ, चाळीसगावहून मात्र एका दिवसात तोरणमाळ करू नका, हे मी स्पष्टच सांगते. पहाटे पाचला निघून रात्री दहाला घरी, मध्ये दोनदा घाट, आणि चालवणारा एकच. दमलेला माणूस घाटात नाही चुकला तर परतीच्या सपाट रस्त्यावर डुलकी घेतो.

सोबत कोण आहे?

पंचाहत्तरीच्या माणसाला सीताखाई बघता येते, फार चढउतार नाही. त्यांना त्रास होतो तो दिवसभर गाडीत बसण्याचा आणि भिजल्या कपड्यांचा. खोली असली की तासभर आडवं होता येतं. लहान मुलांचंही तेच.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. स्वच्छतागृहं मोजकी आहेत आणि गर्दीच्या रविवारी त्यांची अवस्था बघवत नाही. दिवसभर पाणी न पिता हिंडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्याने डोकं दुखतं, लघवीची जळजळ सुरू होते आणि सहलीचा विचका होतो. एका दिवसात जाणार असाल तर शहाद्यात जेवणाच्या चांगल्या हॉटेलात थांबूनच पुढे निघा, आणि वर गेल्यावर ज्या हॉटेलात जेवणार तिथे आत सोय आहे का ते आधी विचारा.

दुचाकीवरून जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं असं की मुक्काम करा किंवा पाऊस उघडीप देईल तेव्हा जा. भिजून गारठलेल्या बोटांना ब्रेक नीट लागत नाही.

खोली कशी मिळवायची

तोरणमाळला राहायच्या जागा थोड्या आहेत. शासकीय आणि वनविभागाचं विश्रामगृह, आणि काही खाजगी रिसॉर्ट. पावसाळ्यातल्या शनिवारी त्या भरलेल्या असतात. ‘वर गेल्यावर बघू’ हे धोरण इथे चालत नाही, कारण जागा नाही मिळाली तर पुढे मुक्कामाचं दुसरं गाव नाही, रात्रीचा घाटच आहे. आमच्यासोबतच्या एका कुटुंबाची तोंडी ठरवलेली खोली आयत्या वेळी दुसऱ्यांना दिली गेली होती. तेव्हापासून मी आगाऊ पैसे भरते, पावती घेते, आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन करून पक्कं करते.

फोनवर तीन गोष्टी विचारा. वीज गेली तर उजेडाची सोय काय? सकाळी गरम पाणी मिळतं का आणि किती वाजता? रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं आणि आधी सांगावं लागतं का? बहुतेक ठिकाणी माणसं मोजून स्वयंपाक होतो, म्हणून पोचल्या पोचल्या किती ताटं ते सांगून टाका.

खोली मिळालीच नाही तर तिसरा मार्ग आहे, आणि लांबून येणाऱ्यांना मला तो मनापासून आवडतो: मुक्काम शहाद्यात करा. शहाद्यात लॉज आहेत, जेवायला शेवभाजी आणि भाकरी आहे, दवाखाने आहेत. पहाटे सहाला निघालात तर आठला तुम्ही वर असता, म्हणजे सकाळचा ढग दरीत खाली बसलेला असण्याची वेळ तुमच्या हाती येते आणि दुपारी दोनला निघूनही सगळं बघून होतं. आदल्या दिवशी जाता जाता प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर थांबता येतं. आपल्याकडे त्याला दक्षिण काशी म्हणतात. धुळ्याकडून आलात तर सारंगखेड्याचं एकमुखी दत्ताचं मंदिर रस्त्यावरच आहे.

एसटीने जाणार असाल तर

रेल्वेने नंदुरबार गाठता येतं, ते सुरत-भुसावळ मार्गावर आहे. तिथून शहाद्याला बस भरपूर. शहाद्याहून वर जाणाऱ्या गाड्या मात्र मोजक्या. म्हणून शहाद्याच्या आगारात चौकशीच्या खिडकीवर, वर जाणारी गाडी विचारायच्या आधी खाली येणारी शेवटची गाडी विचारा. ती चारच्या आत असेल तर वर तुमच्या हातात फार वेळ उरत नाही. एसटीने तोरणमाळ बघायचं तर मुक्काम धरूनच चला, किंवा चार-पाच जण मिळून जीप ठरवा आणि परतीची वेळ चढायच्या आधी चालकाशी बोलून घ्या.

घाट

नागार्जुनाचं ठिकाण मागे पडलं की चढ खरा सुरू होतो. या घाटाला सात पायरी म्हणतात. वळणं अशी की खालची वळणं वरून एकाखाली एक रचल्यासारखी दिसतात. जोराचा पाऊस झाला की दरड येते आणि रस्ता बंद पडतो. रस्त्यात ताजी माती आणि बारीक दगड सांडलेले दिसले तर तिथे फोटोसाठी थांबू नका, पुढे निघा. वरचं अजून सुटायचं असू शकतं.

पहिल्यांदा घाट चालवणाऱ्यांसाठी: ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग लागत नाहीत. तसा वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ब्रेकवर पाणी ओतू नका. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत ढगावर आपटून उलट आपल्याच डोळ्यांत येतो. वळणावर हॉर्न द्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

पेट्रोल-डिझेल शहाद्यातच भरा. रोख पैसे तिथेच काढा. वर मोबाइलला रेंज असेल-नसेल, आणि कणसाचे पैसे मोबाइलवरून द्यायला रेंज लागते. गाडीतल्या एकाने तरी घरी सांगून ठेवावं की आम्ही अमुक वाजता राणीपुरात पोचून फोन करू. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

काठावर

काळा पाषाण पावसाळ्यात शेवाळतो. दिसायला नुसता ओला दिसतो, पाय ठेवला की निसटतो. सीताखाईच्या काठापासून दोन माणसांची लांबी सोडून उभे राहा, मुलांचा हात धरूनच. काठावर पाठ करून मोबाइलकडे बघत मागे सरकणं, यासारखी भीती मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

वरच्या अंगाला ओढे आहेत, त्यात पाय बुडवायचा मोह होतो. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी पाऊस मागच्या डोंगरात पडत असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज वाढला, तर चप्पल शोधत बसू नका, आधी बाहेर या.

प्यायलेल्या माणसाला काठावर नेऊ नका. सोबतचा कोणी ऐकत नसेल तर सगळ्यांनी मिळून माघारी फिरा.

कोणत्या महिन्यात

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत पाणी भरात असतं. पाणीही हवं आणि ढगही कमी हवा, तर सप्टेंबर. मला स्वतःला तोच आवडतो. पावसाची झड संपलेली असते, ओढे वाहते असतात, सगळं रान फुललेलं. ऑक्टोबरात धार बारीक होत जाते. डिसेंबरात तोरणमाळला जाण्यासारखं पुष्कळ आहे, थंडी कडाक्याची पडते, रात्री आकाश असं दिसतं की घरात जावंसं वाटत नाही. पण तेव्हा सीताखाईत नुसता कडा असतो. धबधब्यासाठी हिवाळ्यात जाऊ नका, थंडीसाठी जा, आणि तेव्हा तर मुक्कामच करा. महाशिवरात्रीला गोरखनाथांची मोठी यात्रा असते, त्या दिवसांत राहायला जागा मिळणं अवघड.

पंधरा ऑगस्ट आणि पावसाळ्यातले रविवार टाळता आले तर टाळा. घाटात दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या की तुमचा सगळा हिशेब कोलमडतो.

पिशवीत काय

दिवसाच्या फेरीला: प्रत्येकाचा कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत, टॉवेल, पकड असलेली पादत्राणं, पाणी, नेहमीची औषधं, ओकारीची गोळी. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. दशम्या किंवा कळण्याची भाकरी आणि ठेचा घेतलात तर जेवणाची चिंताच नाही. मुक्काम असेल तर त्यात विजेरी, स्वेटर आणि जास्तीचे मोजे. जुलैतसुद्धा वर रात्री पांघरूण लागतं. खाली आपण घामाने निथळत असतो म्हणून हे कोणाला पटत नाही, आणि मग मुलं कुडकुडतात.

आणलेला कचरा परत न्या. हे पठार भिल्ल आणि पावरा लोकांचं राहतं घर आहे. घरांचे, बायकांचे, मुलांचे फोटो न विचारता काढू नका. कणसं, सीताफळं, आमचूर जे काही ते विकत असतील ते घ्या, घासाघीस न करता. धडगावकडचं आमचूर एकदा आमटीत घातलंत की पुढच्या वेळी पिशवी मोठी न्याल.

एकच दिवस असेल आणि तुम्ही लांबचे असाल

मग तोरणमाळचा हट्ट सोडा, जवळचं पाणी बघा. जळगाव-भुसावळकरांना मनुदेवी आहे. यावल-चोपडा रस्त्यावरून आडगावकडे वळलं की सातपुड्याच्या पायथ्याशी देवीचं मंदिर, आणि समोरच धबधबा. तासा-दीड तासात पोचता येतं, दुपारच्या जेवणाला घरी. इथे मुक्कामाचा प्रश्नच नाही. पाण्याखाली मात्र उभे राहू नका, वरून दगड येतात.

चाळीसगावकरांना पाटणादेवी, शहरापासून साधारण १८ किलोमीटर. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे दोन्ही धबधबे गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतात, तेव्हा वनविभागाच्या वेळा पाळून उजेडात बाहेर पडायचं, बिबट्याचं रान आहे. इथे पाण्यापर्यंत पायी जावं लागतं, म्हणून सकाळी लवकर पोचा. मुलं शाळेत जाणारी असतील तर त्यांना आवर्जून सांगा की गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी याच पाटणला मठ उभारला होता. तसा शिलालेख इथे सापडला आहे.

धुळेकरांना तर लळिंग हाताशी आहे. किल्ल्याच्या कुरणातला धबधबा आणि लांडोर बंगला, अर्ध्या दिवसाचं काम. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बंगल्यात मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी ३१ जुलैला तिथे मोठा जनसमुदाय येतो. नमन करायला जायचं तर त्याच दिवशी जा, निवांत पाणी बघायचं तर दुसरा दिवस निवडा.

आदल्या रात्री

तोरणमाळ ठरलं असेल तर झोपायच्या आधी वरच्या मुक्कामाच्या जागी किंवा एखाद्या हॉटेलात फोन लावा. दोनच प्रश्न: घाट सुरू आहे का, आणि आज सीताखाई किती वाजता उघडली होती? घाट बंद असेल तर गजर बंद करून झोपा. सकाळी उघडली होती असं सांगितलं आणि तुम्ही दिवसाच्या दिवस जाणार असाल, तर गजर एक तास आधीचा लावा.